साथ ओसरते कशी? – एबोलाच्या इतिहासातून

कांगो देशाच्या उत्तर भागातील अरण्यातून एबोला नावाची एक नदी वाहते. आज हे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात भीती दाटते; पण त्यात त्या बिचाऱ्या नदीचा काही दोष नाही. १९७६ साली या रोगाची साथ उठली ती यांबुकू नावाच्या गावी. रोग नवा होता आणि त्याला नाव द्यावयाचे होते. गावाचे नाव दिले असते तर ते रूढीला धरूनच झाले असते. परंतु अवघ्या सात वर्षांपूर्वी, १९६९ साली, नायजेरियातील लासा या गावाचे नाव अशाच एका तापाला मिळाले होते, आणि त्या गावाच्या माथी कायमचा डाग बसला होता. यांबुकूच्या लोकांनी आधीच पुष्कळ सोसले होते. म्हणून तेथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी नकाशा पुढे ओढला आणि काही अंतरावरच्या एका नदीचे नाव रोगाला देऊन टाकले.

गोष्ट लहान आहे, श्रोतेहो. पण रोगाशी झुंजताना रोग्याच्या मानाचाही विचार करावयाचा असतो, ही जाणीव एबोलाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर उमटलेली आहे. पुढे ती अनेकदा विसरली गेली, आणि जेथे ती विसरली गेली तेथे साथ लांबली. आज मला थोड्या विस्ताराने सांगावयाचे आहे ते हेच.

साथीचा रोग म्हटला की आपण प्रथम विचारतो, यावर औषध कोणते? एबोलाच्या बाबतीत सुमारे चार दशके या प्रश्नाला उत्तर नव्हते. सिद्ध झालेली लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. तरीही या काळात साथी उठल्या आणि ओसरल्या. त्या आपोआप ओसरल्या नाहीत. काही साधे नियम पाळले गेले, म्हणून त्या ओसरल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आज हे नियम चार-दोन ओळींत वाचावयास मिळतात. पण त्यांतील प्रत्येक ओळीमागे कोठल्या तरी गावाची कहाणी आहे, आणि प्रत्येक ओळीची किंमत माणसांनी मोजलेली आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. एबोला हा विषाणूपासून होणारा ताप आहे. हा विषाणू मूळचा रानातील प्राण्यांमध्ये असावा, आणि फळे खाणारी वटवाघळे त्याचे घर असावीत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून दोन ते एकवीस दिवसांच्या आत एकाएकी ताप भरतो, अंग मोडून येते, डोके दुखते, घसा धरतो आणि विलक्षण थकवा येतो. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. काहींच्या शरीरातून रक्तस्राव होतो. रोग्यांपैकी सरासरीने निम्मे दगावतात. काही साथींत हे प्रमाण शेकडा पंचवीस होते, तर काहींत नव्वद. मात्र दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. हा रोग गोवर किंवा इन्फ्लुएंझाप्रमाणे हवेतून पसरत नाही. रोग्याचे रक्त, वांती, विष्ठा, घाम अशा स्रावांशी प्रत्यक्ष संबंध आला तरच तो जडतो. आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत बाधित मनुष्य दुसऱ्याला रोग देत नाही. साथ आवरण्याचे सारे शास्त्र या दोन गोष्टींवर उभे आहे.

आता यांबुकूकडे वळू. देशाचे नाव त्या वेळी झाईर होते. यांबुकू येथे बेल्जियन जोगिणींनी चालविलेले १२० खाटांचे एक मिशन रुग्णालय होते. दूरदूरच्या खेड्यांतील लोकांचा त्यावर मोठा भरवसा होता. ऑगस्ट १९७६ च्या अखेरीस मिशनच्या शाळेतील एक शिक्षक ताप घेऊन तेथे आला. हिवताप समजून त्याला क्लोरोक्विनचे इंजेक्शन देण्यात आले. त्या रुग्णालयात रोज सकाळी परिचारिकांना पाच सिरिंजा आणि पाच सुया मिळत. दिवसभराचे सारे रोगी त्यांवरच उरकावयाचे. एकाला टोचून झाले की सुई कोमट पाण्याच्या भांड्यात विसळावयाची आणि दुसऱ्याला टोचावयाची. गर्भवती स्त्रियांना शक्तीची इंजेक्शने देण्याची तेथे पद्धत होती. काही दिवसांतच त्या स्त्रिया तापाने फणफणू लागल्या.

या साथीत ३१८ जणांना रोग झाला आणि २८० मरण पावले. ज्या ८५ जणांना केवळ रुग्णालयातील सुईतून बाधा झाल्याचे आढळले, त्यांच्यापैकी एकही वाचला नाही. रुग्णालयाच्या सतरा नोकरांपैकी अकरा दगावले आणि सप्टेंबर संपता संपता रुग्णालयाला टाळे लागले. ज्या जोगिणींच्या हातून हे घडले त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांतील काहींनी स्वतःही त्याच रोगात प्राण सोडले. सुया कमी होत्या, रोगी फार होते आणि धोक्याची कल्पना नव्हती. एका रोग्याची सुई दुसऱ्याला वापरू नये हा नियम आज प्रत्येकाला साधा वाटतो. यांबुकूत त्याची किंमत मोजली गेली.

धोक्याची कल्पना शास्त्रज्ञांना तरी कोठे होती? किन्शासाहून पाठविलेले झाँ-झाक मुयेंबे हे तरुण डॉक्टर यांबुकूला प्रथम पोहोचलेल्यांपैकी एक. त्यांनी उघड्या हातांनी रोग्यांचे रक्त काढले. सुई काढल्यावर रक्त थांबेना, बोटे भिजली. ती त्यांनी साबणाने धुतली आणि त्यांचे दैव बलवत्तर म्हणून ते वाचले. रक्ताचा नमुना एका साध्या थर्मासमध्ये बर्फात ठेवून प्रवासी विमानाने बेल्जियममधील अँटवर्प येथे धाडण्यात आला. तेथील संस्थेत सत्तावीस वर्षांचे पीटर पिओ आणि त्यांचे सहकारी यांनी तो उघडला, तेव्हा दोन कुप्यांपैकी एक फुटून रक्त वितळलेल्या बर्फात मिसळले होते. त्यांच्या हातांत रबरी मोज्यांखेरीज दुसरे संरक्षण नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली दोऱ्यासारखा लांबट विषाणू दिसला. १९६७ साली जर्मनीतील मारबुर्ग येथे सापडलेल्या विषाणूसारखा तो दिसत होता; तथापि तो निराळा निघाला.

पुढे आंतरराष्ट्रीय पथक यांबुकूच्या भागात पोहोचले, तेव्हा साथ बरीचशी ओसरत आली होती. एक तर रुग्णालय बंद झाल्याने सुया थांबल्या होत्या. पण त्याखेरीज आणखी एक गोष्ट पथकाला दिसली. अनेक खेड्यांच्या वाटांवर लाकडे आडवी टाकून रस्ते अडविलेले होते. परगावच्या माणसाला आत येऊ दिले जात नव्हते आणि आजारी माणसाला वेगळ्या झोपडीत ठेवले जात होते. हे कोणत्याही डॉक्टरांनी शिकविलेले नव्हते. देवीच्या साथी पाहिलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी जुन्या अनुभवावरून हा बंदोबस्त आपण होऊन केला होता. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

त्याच वर्षी दक्षिण सुदानात न्झारा आणि मारिडी या गावी असाच ताप पसरला. न्झारातील कापसाच्या गिरणीत काम करणाऱ्यांमध्ये त्याचा आरंभ झाला आणि मारिडीच्या रुग्णालयात त्याने उग्र रूप घेतले. तेथे २८४ जणांना रोग झाला, १५१ मेले, आणि मृतांत रुग्णालयाचेच ४१ कर्मचारी होते. सुदानातील विषाणू आणि झाईरमधील विषाणू हे एकाच कुळातील दोन भिन्न प्रकार आहेत, हे नंतर कळले.

त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे या रोगाने फारसे डोके वर काढले नाही. १९९५ साली तो झाईरमधील किक्विट या शहरात प्रकटला. तेथेही शस्त्रक्रियेच्या टेबलावरून तो डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापर्यंत पोहोचला. ३१५ रोगी झाले आणि सुमारे अडीचशे दगावले. हातमोजे, मुखपट्ट्या आणि झगे येऊन पोहोचताच रुग्णालयातील लागण झपाट्याने कमी झाली. या साथीनंतर शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या घरोघर जाऊन एक चौकशी केली. सत्तावीस रोग्यांच्या घरांतील १७३ माणसांची त्यांनी नोंद घेतली. ज्या ९५ जणांनी रोग्याला स्पर्श केला होता त्यांच्यापैकी २८ जणांना रोग झाला. ज्या ७८ जणांनी स्पर्श केला नव्हता त्यांच्यापैकी एकालाही झाला नाही. एकाच छपराखाली राहून, एकाच अंगणात वावरूनही ते सारे सुखरूप राहिले.

या आकड्यांत रोग आवरण्याची किल्ली आहे, आणि रोगाचे क्रौर्यही त्यांतच आहे. आजारी माणसाला स्पर्श कोण करतो? त्याचे तोंड पुसणारी आई, पाणी पाजणारी बायको, उचलून नेणारा भाऊ, नाडी पाहणारा वैद्य, आणि मेल्यावर त्याला अखेरची आंघोळ घालणारे आप्त. परका माणूस दूरच असतो. म्हणजे जो अधिक माया करील त्याला हा रोग अधिक गाठतो. माणुसकीची जी कामे आपण कर्तव्य म्हणून शिकलो, ती करू नका असे या रोगाच्या साथीत सांगावे लागते. तापाने तळमळणाऱ्या लेकराला हात लावू नकोस, हे आईला सांगावयाचे कोणी आणि कोणत्या तोंडाने? साथनियंत्रणातील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि तो औषधशास्त्राच्या आवाक्यातील नाही.

२००० साली युगांडाच्या उत्तर भागातील गुलू जिल्ह्यात या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळाले. तेथील साथीत ४२५ जण आजारी पडले आणि २२४ मरण पावले. लाकोर रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुक्विया यांनी आपल्या परिचारिकांना धीर देत शुश्रूषा चालू ठेवली आणि ५ डिसेंबर २००० रोजी त्यांनाही त्याच रोगाने नेले. त्या भागात अचोली जमातीचे लोक राहतात. बॅरी ह्यूलेट नावाचे मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्यात जाऊन बसले आणि त्यांनी विचारले, तुमच्याकडे पूर्वी साथ आली म्हणजे तुम्ही काय करीत होता? वृद्धांनी सांगितले की, अशा साथीला आम्ही 'गेमो' म्हणतो आणि गेमोचे नियम ठरलेले आहेत. रोग्याला वेगळ्या घरात ठेवावयाचे. त्या घरापुढे उंच गवताचे दोन दांडे रोवावयाचे, म्हणजे येणाऱ्याला खूण पटते. ज्याला तो रोग होऊन गेला आहे त्यानेच सेवा करावयाची. गर्भवतींनी आणि मुलांनी जवळ फिरकावयाचे नाही. नाचगाणी बंद, परगावी जाणे बंद. बरा झालेला मनुष्यही एक चांद्रमास वेगळा राहील.

डॉक्टरांच्या नियमावलीत यापेक्षा वेगळे काय होते? सरकारी पत्रकातून आलेली सूचना लोकांना परकी वाटत होती. तीच सूचना गेमोचा नियम म्हणून पुढे आली तेव्हा ती घरची झाली. यांबुकूच्या वडीलधाऱ्यांनी आडवी टाकलेली लाकडे आणि अचोलींनी रोवलेले गवताचे दांडे हे एकाच शहाणपणाचे दोन आविष्कार आहेत.

दुर्दैवाने हे शहाणपण पश्चिम आफ्रिकेतील महासाथीत आरंभी कोणी वापरले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये गिनी देशातील मेलियांडू या खेड्यात एक लहान मूल दगावले, तेथून या साथीचा माग लागतो. रोग ओळखला गेला तो मार्च २०१४ मध्ये. तोवर तो सीमा ओलांडून लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत शिरण्याच्या बेतात होता. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी पुकारली ती ८ ऑगस्ट २०१४ रोजी. २०१६ साली साथ संपली तेव्हा २८,६०० हून अधिक लोकांना रोग होऊन गेला होता आणि ११,३०० हून अधिक मरण पावले होते. पूर्वीच्या सर्व साथींची बेरीज केली तरी ती या संख्येच्या जवळपासही येत नाही.

या साथीत धाकाने काम करून पाहण्यात आले. २० ऑगस्ट २०१४ रोजी लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथील वेस्ट पॉइंट या दाट गरीब वस्तीला सैनिकांनी तारेचे कुंपण घालून वेढा दिला. लोक खवळले, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि त्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा मेला. दहा दिवसांत सरकारला वेढा उठवावा लागला. पुढच्याच महिन्यात गिनीतील वोमे या गावी लोकांना रोगाची माहिती देण्यास गेलेल्या पथकातील आठ जणांना जमावाने ठार केले. पांढऱ्या पोशाखातील, चेहरा न दिसणारी माणसे येतात, आपल्या माणसाला घेऊन जातात आणि तो परत येत नाही, एवढेच गावकऱ्यांना दिसत होते.

मराठी मुलखाला हा अनुभव नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा रँड साहेबांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या घेतल्या. सोजीर माजघरात आणि देवघरात शिरले, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. रोगी वेगळा करावा, हा हेतू वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पण ज्या रीतीने तो अमलात आला, तिचा परिणाम असा झाला की लोक प्लेगपेक्षा कमिटीला भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च रोजी निवर्तल्या. रोग्याजवळ जाण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. लोकांनी कोणती मनात जपून ठेवली, हे सांगावयास नको.

पश्चिम आफ्रिकेत सर्वांत मोठा तंटा मृतदेहावरून माजला. एबोलाने मेलेल्या माणसाच्या शरीरात विषाणू मुबलक असतो, आणि तेथे मृताला न्हाऊ घालून, त्याला स्पर्श करून निरोप देण्याची चाल आहे. एकेका अंत्ययात्रेतून रोग अनेक गावांत गेला. यावर उपाय म्हणून लायबेरिया सरकारने ऑगस्ट २०१४ मध्ये राजधानीच्या परिसरातील मृतदेह जाळण्याचा हुकूम काढला. देशात दहनाची सोय कोठे होती? तेथे स्थायिक झालेल्या भारतीय समाजाने आपल्या लोकांसाठी बांधलेली एक दहनभूमी होती. तीच या कामासाठी घेण्यात आली. आपल्याला अग्निसंस्कार पवित्र वाटतो. लायबेरियन माणसाला मात्र तो मृताचा अवमान वाटला. त्या देशात दर वर्षी मार्च महिन्यात पूर्वजांची थडगी झाडूनपुसून सजविण्याचा राष्ट्रीय दिवस असतो. ज्याचे थडगेच नाही त्याला आप्तांनी आठवावयाचे कोठे? परिणाम असा झाला की लोक मृत्यू लपवू लागले आणि रात्री गुपचूप दफन करू लागले. उपायानेच अपाय होऊ लागला. अखेर त्या वर्षाच्या शेवटी दफनासाठी नवी जमीन घेण्यात आली आणि दहन थांबले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंत्यविधीचे नवे नियम प्रसिद्ध केले. ते मुसलमान आणि ख्रिस्ती धर्मगुरूंशी विचारविनिमय करून तयार झाले होते. 'सुरक्षित' या शब्दाला त्यांनी 'सन्मानपूर्वक' हा दुसरा शब्द जोडला. कुटुंबाची संमती घेतल्याखेरीज दफनाला हात घालू नये, मृताला पाण्याने न्हाऊ घालणे धोक्याचे असल्यामुळे मुसलमानांच्या बाबतीत कोरड्या शुद्धीचा धर्ममान्य विधी करावा, कफन घालावे, आप्तांना दुरून दर्शन घेऊ द्यावे, प्रार्थना म्हणू द्यावी, खड्डा खणू द्यावा. मृताला हात लावावयाचा नाही एवढी एक गोष्ट सोडली, तर बाकीचा निरोप लोकांच्या हाती परत देण्यात आला. हे होताच पथकांना गावात प्रवेश मिळू लागला.

रोगी आणि मृत यांच्याबरोबर तिसरा विचार करावा लागतो तो त्यांच्या सहवासात आलेल्यांचा. या कामाचा उत्तम नमुना त्याच वर्षी नायजेरियाने घालून दिला. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून एक आजारी प्रवासी विमानाने लागोस येथे उतरला. लागोस हे आफ्रिकेतील सर्वांत गजबजलेल्या शहरांपैकी एक. तेथे रोग सुटला असता तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. रुग्णालयातील डॉ. अमेयो स्टेला अडाडेवोह यांना संशय आला. रोग्याला जाऊ द्यावे म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले. त्या बधल्या नाहीत. १९ ऑगस्ट रोजी त्यांचा त्याच रोगाने अंत झाला. पण त्यांच्या ठामपणामुळे सरकारला वेळ मिळाला. पोलिओ निर्मूलनासाठी शिकवून तयार केलेले कार्यकर्ते कामाला लागले. रोग्यांच्या सहवासात आलेल्या सुमारे नऊशे माणसांची यादी झाली आणि एकवीस दिवस रोज त्यांच्या दारी जाऊन चौकशी करण्यात आली. अशा सुमारे साडेअठरा हजार भेटी झाल्या. रोग वीस जणांवर थांबला; त्यांतील आठ मरण पावले. २० ऑक्टोबर २०१४ रोजी देश रोगमुक्त जाहीर झाला.

येथे एकवीस आणि बेचाळीस या दोन आकड्यांचा उलगडा करावा. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसण्यास अधिकात अधिक एकवीस दिवस लागतात, म्हणून सहवासितावर तितके दिवस लक्ष ठेवावयाचे. अखेरचा रोगी रोगमुक्त झाल्यानंतर किंवा त्याच्या दफनानंतर या मुदतीची दुप्पट, म्हणजे बेचाळीस दिवस, नवा रोगी आढळला नाही, तरच साथ संपली असे म्हणावयाचे.

लस आली ती या महासाथीच्या अखेरीस. २०१५ साली गिनीमध्ये तिची कसोटी घेताना शास्त्रज्ञांनी देवी निर्मूलनाच्या काळातील जुनीच युक्ती वापरली. सगळ्या देशाला टोचीत न बसता, रोगी सापडला की त्याच्या सहवासातील आणि त्या सहवासितांच्याही सहवासातील माणसांना टोचून रोगाभोवती कडे घालावयाचे. भारतातून १९७५ साली देवी गेल्या त्या अशाच पद्धतीने. गिनीत ज्यांना तत्काळ लस मिळाली त्यांच्यात दहा दिवसांनंतर एकही रोगी आढळला नाही. २०१९ साली या लसीला मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रतिपिंडांची दोन औषधेही गुणकारी ठरली. त्यांतील एक औषध १९९५ च्या किक्विट साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडापासून तयार झाले. ते घडवून आणण्यात डॉ. मुयेंबे यांचा मोठा वाटा होता. होय, १९७६ साली यांबुकूत उघड्या हातांनी रक्त काढणारे तेच मुयेंबे.

मग लस आली, औषध आले, आता प्रश्न सुटला असे म्हणावे काय? कांगोच्या पूर्व भागात ऑगस्ट २०१८ मध्ये उठलेल्या साथीने याचे उत्तर दिले. तेथे तीन लाखांहून अधिक लोकांना लस टोचली गेली, तरी साथ जून २०२० पर्यंत चालली. ३,४७० जणांना रोग झाला आणि २,२८७ मरण पावले. तो भाग वर्षानुवर्षे यादवीने पोळलेला. ज्या सरकारने कधी आपले रक्षण केले नाही ते आताच आपल्या आरोग्याची एवढी काळजी का करते, असा लोकांचा सवाल होता. शुश्रूषाकेंद्रांवर हल्ले झाले. एप्रिल २०१९ मध्ये बुटेम्बो येथील रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. रिशार मूझोको यांची हत्या झाली. कुपीत लस होती. पण दार उघडत नव्हते. याच साथीत रोग्यांसाठी पारदर्शक भिंतींच्या खोल्या वापरात आल्या. आप्तांना आपले माणूस दिसू लागले, डॉक्टर काय करतात ते दिसू लागले, आणि संशय थोडा निवळला. शिवाय ही लस झाईर प्रकारच्या विषाणूवरच चालते. जानेवारी २०२५ मध्ये युगांडात सुदान प्रकाराची साथ जाहीर झाली तेव्हा त्यावर मान्यता मिळालेली लस नव्हती. प्रायोगिक लसीची चाचणी तातडीने सुरू करावी लागली. म्हणजे जुने नियम कालबाह्य झालेले नाहीत.

आपल्या देशापुरते सांगावयाचे तर, नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियात या रोगातून बरा होऊन परतलेला एक भारतीय दिल्लीच्या विमानतळावर वेगळा ठेवण्यात आला. त्याचे रक्त निर्दोष होते. पण बरे झालेल्या पुरुषाच्या वीर्यात विषाणू काही महिने राहू शकतो, म्हणून ही दक्षता घेण्यात आली. येथेही दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. अशा पुरुषाला तपासणीची आणि संयमाची गरज आहे. परंतु त्याच्याशी बोलण्यास, बसण्यास, त्याला कामावर घेण्यास कोणताही धोका नाही. पश्चिम आफ्रिकेत मृत्यूच्या दारातून परतलेल्या अनेकांना घर मिळेना, काम मिळेना; रोगाने सोडले, पण शेजाऱ्यांनी सोडले नाही.

तेव्हा थोडक्यात नियम असे: रोग्याला लवकर ओळखून वेगळे ठेवावे आणि त्याची शुश्रूषा हातमोजे व झगा घालून, शिकलेल्या माणसाने करावी. एकाची सुई दुसऱ्याला लावू नये. हात साबणाने, आणि दूषित वस्तू क्लोरिनच्या पाण्याने धुवाव्यात. सहवासात आलेल्यांवर एकवीस दिवस नजर ठेवावी. लस असेल तेथे रोगाभोवती तिचे कडे घालावे. मृताचे दफन सुरक्षितपणे आणि सन्मानाने करावे. आणि हे सारे लोकांना विचारून, त्यांच्या जाणत्या माणसांना बरोबर घेऊन करावे.

शेवटचा नियम शास्त्रज्ञांना सर्वांत उशिरा उमगला. तो यांबुकूच्या गावकऱ्यांनी मात्र पहिल्याच साथीत वाटेवर लाकडे टाकून दाखवून दिला होता. त्या वेळी बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी त्यांच्या गावाचे नाव रोगाला दिले नाही, एवढी बूज राखली. गावकऱ्यांनी आपण होऊन केलेल्या बंदोबस्तातून शिकावयास मात्र पुढे चाळीस वर्षे लागली. पुढची साथ कोठे आणि कधी उठेल हे सांगता येत नाही. पण ती जेथे उठेल तेथे जाणाऱ्या डॉक्टरांनी औषधांची पेटी उघडण्यापूर्वी गावातील म्हाताऱ्यांना एक प्रश्न विचारावा: पूर्वी साथ आली तेव्हा तुम्ही काय केले होते? आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.